एक जानेवारी १९७०

कुवेतहून सुट्टीवर आलेल्या मुरादने तळहाताएवढ्या एका बोर्डाच्या कॉम्प्युटरवर हलकंसं लिनक्स बसवलं होतं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा पाळीचा भोंगा त्याने आपोआप वाजवून दाखवला, तर तिथेच नोकरी मिळणार होती आणि परत जावं लागणार नव्हतं. पण त्या इवल्याशा बोर्डावर घड्याळाचा सेलच नव्हता. वीज जाऊन आली, की त्याची तारीख थेट लिनक्स जिथून दिवस मोजतं त्या एक जानेवारी १९७० वर जाऊन बसायची. आज कारखान्याच्या साहेबांसमोर नेमकं तेच झालं. पाळी सुटायची वेळ टळली तरी भोंगा गप्प. पडद्यावरची तारीख वाचून साहेब म्हणाले, "मुरादभाई, तेव्हा तर आमचा कारखानाच नव्हता!" सगळे खो खो हसले.

तुडीलला, गावातल्या घरी येऊन त्याने पुन्हा वायरी जोडल्या, तारीख घातली. तेवढ्यात भारनियमन. वीज आली, तर पुन्हा सत्तर साल.

"डोकं नाय ह्याला! कितीदा सांगू, आज तारीख काय हाय ते?" तो बोर्डावर खेकसला.

त्याची बॅग भरत बसलेली त्याची बायको महरुन्निसा उठून पडद्यापाशी आली. तारखेकडे बघत राहिली.

"व्हिसा कधीपर्यंत हाय तुमचा?"

"जुम्म्याच्या आत पोचायला हवं तिकडे. का गो?"

तिने बॅगेतला वरचा शर्ट काढून पुन्हा खुंटीला अडकवला.

"मग आजपासून घरात तारीख ह्याच्यावरच बघायची."