शिक्क्यातलं साल

नगरपालिकेच्या आवक खिडकीत बसून केतकी तारखेच्या शिक्क्यावरचं सालाचं चाक पुढेपुढे फिरवत होती. नोकरीचा दुसराच आठवडा. घरी पेढे वाटून झाले होते. "पोरीला आता जन्माची चिंता नाही," असं बाबा ज्याला त्याला सांगत होते. तिला मात्र आपल्या निवृत्तीचं साल बघायचं होतं, दोन हजार एकोणसाठ. रबरी पट्ट्यावरचे आकडे पस्तीसलाच संपले.

"सापडलं का तुझं साल?" शेजारच्या टेबलावरून खांबेटे मॅडमनी विचारलं.

"यात नाहीच आहे ते."

"नसणारच. माझा हा तिसरा शिक्का." मॅडमनी आपला शिक्का तळहातावर धरला. "यात आहे माझं. एकच घर पुढे. पण फिरवून बघायचा धीर होत नाही गं."