तंबूपर्यंत

"पण आई, बाबा तिथे एकदा तरी वाट चुकले का? सांग ना," शंतनू म्हणाला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला.

सुहासिनीने चहाचं आधण ठेवलं. काय सांगणार, कपाळ! केनियाहून येऊन दोन दिवस झाले होते. बाहेर अमेरिकेतल्या कॅरी गावातली जुलैची दुपार भाजून काढत होती. हॉलमध्ये राजीव आणि अहिल्या, त्यांचे मंडळातले जुने मित्र, सफारीचे फोटो बघायला येऊन बसले होते. आणि उद्या सकाळच्या विमानाने शंतनू, सून नेत्रा आणि छोटा नातू अनय बेलव्ह्यूला जाणार होते, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मग या घरात पुन्हा ती आणि चारुदत्त. बोलायचं ते आजच.

वर्षभर ती मुलाला फोनवर सांगत होती. बाबा विसरतात. नुसता चष्मा आणि किल्ल्या नाहीत रे, घरातली बाथरूम विसरतात. त्यांचं ड्रायव्हिंग मी बंद केलंय. मला एकटीला होत नाही आता. पालथ्या घड्यावर पाणी. शंतनूचं म्हणणं एकच, सत्तरीला आला की माणूस विसरायचाच. त्यात चारुदत्त स्वतः डॉक्टर. फोनवर असे झकास बोलायचे की मुलाला वाटावं, आईच उगीच घोर लावून घेते. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! वर त्याने बाबांच्या सत्तरीचं निमित्त करून सगळ्यांची सफारी बुक केली.

आणि सफारीत चारुदत्त राजासारखे राहिले. खोटं कशाला बोला, मजा सगळ्यांनाच आली. पहाटे चहा तंबूच्या दारात यायचा. गाइड म्हणाला डावीकडे बघा, की अख्ख्या जीपने डावीकडे बघायचं. हे जनावर कुठलं, याचं नाव काय, हे तर सगळेच दहादा विचारत. आज वार कुठला हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाचं अडतही नव्हतं. अंधार पडला की मात्र तंबूबाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही, जनावरं फिरतात. दारात उभं राहून टॉर्च हलवायचा. मग भाला घेतलेला रखवालदार यायचा, पुढे चालत जेवायच्या तंबूपर्यंत न्यायचा आणि जेवण झालं की परत आणून सोडायचा. माकडाने नेत्राची बाकरवडी पळवली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसले ते चारुदत्तच. सुहासिनीने तर कित्येक महिन्यांनी सबंध कपभर चहा गरम असताना प्यायला. घरी कप तोंडाला लावला की बाथरूम शोधत चारुदत्त आतून भलतंच दार वाजवायचे, ती उठायची, आणि परत येईपर्यंत चहाचं गार पाणी झालेलं असायचं.

"अरे, तिथे कुणालाच एकटं चालू देत नाहीत," ती म्हणाली. "मग चुकणार कोण?"

शंतनूने तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, तू थकलीयस, थोडा आराम कर, दिवाळीला आलो की बोलू आपण. प्रेमाने म्हणाला, हेच तर वाईट. भांडला असता तर तिलाही भांडता आलं असतं. पण तिच्यात आता तेवढा जीव नव्हता. तिने चहा गाळला आणि ट्रे त्याच्या हातात दिला. संपलं, तिने मनाशी म्हटलं.

हॉलमध्ये टीव्हीवर नीट दिसावं म्हणून नेत्राने जाड पडदे ओढले होते. कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली होती आणि झाडाखाली लोळणारी एक सिंहीण स्क्रीनवर आली होती. राजीवने तिला वाघीण म्हटलं, तर अनय वैतागून म्हणाला, "राजीव आजोबा, देअर आर नो टायगर्स इन आफ्रिका!" सुहासिनी सोफ्याच्या कडेला टेकली. चारुदत्त आत झोपले होते. तिने आपला कप उचलला.

तेवढ्यात सिंहिणीच्या तोंडावरून उजेडाचा एक गोळा सरकला. मग भिंतीवर गेला, छतावर गेला, परत आला. सगळ्यांनी वळून बघितलं.

बेडरूमच्या दारात चारुदत्त उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, आणि हातात सफारीला नेलेला टॉर्च. उंबऱ्याच्या आतच पाय ठेवून ते शांतपणे टॉर्च हलवत होते.

"डॉक्टर अजून आफ्रिकेतच आहेत, यार," राजीव म्हणाला. हशा पिकला. शंतनूही हसला. बाबांना नकला करायची खोड जुनीच होती. तो हसतहसतच उठून त्यांच्याजवळ गेला.

चारुदत्त हसले नाहीत. शंतनूला येताना बघून त्यांना हायसं वाटलं. त्यांनी टॉर्च बंद केला, रखवालदार आला की करायचे तसा. या घरात बापलेक जन्मात कधी एकमेकांशी इंग्रजीत बोलले नव्हते.

"प्लीज टेक मी टू माय टेंट," ते अदबीने म्हणाले. मग त्यांचा आवाज हळू झाला. "माय वाइफ इज वेटिंग. शी इज व्हेरी टायर्ड."

शंतनूच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे विझलं. त्याने वळून आईकडे बघितलं. ती सवयीने अर्धी उठलीच होती.

"तू बस, आई," तो म्हणाला.

त्याने बाबांच्या हातातला टॉर्च घेतला, पेटवला, आणि दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरला. मग एक पाऊल पुढे राहून, उजेड जमिनीवर धरून, तो त्यांना हळूहळू आत घेऊन गेला.

सुहासिनी पुन्हा खाली बसली. तिने कप तोंडाला लावला. चहा अजून गरम होता.