गंज न चढणारे पाय

"मी नाही खात हे," म्हणत गोपिकाने कॅप्सूल डॉक्टर मनोहररावांच्या टेबलावर परत ठेवली.

चौऱ्याऐंशीचा हिवाळा होता. नागपुरात कॉलेजच्या धावपटू मुलींवर डॉक्टर अभ्यास करत होते. "अगं, जोरात पळताना श्वासातला प्राणवायूच स्नायूंना आतून गंज चढवतो. ई जीवनसत्त्वाने तो थांबतो का, ते बघायचंय."

"गंजाले माहे पाय काय लोखंडाचे आहेत?"

"घेतली नाहीस, तर संघात जागा नाही."

गोपिकाने कॅप्सूल झटक्यात उचलली. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राखेच्या रस्त्यांवर पळून ती तयार झाली होती. तिला कुणाच्या औषधाचे उपकार नको होते.

बाहेर मनकर्णा उभी होती. पारशिवनीची ही पोर वसतिगृहात तिच्याच खोलीत राही. पळून आली की पोटऱ्यांत गोळे येऊन कळवळायची.

गोपिकाने आपली कॅप्सूल तिच्या हातावर ठेवली. "माही बी तूच घे वं. तुले गरज आहे."

मनकर्णा कुणाला उलटून बोलणारी नव्हती. मान हलवून ती दोन्ही कॅप्सूल घेऊन नळाकडे गेली. मग तो रोजचाच नेम झाला.

निवडीच्या शर्यतीत शेवटच्या वळणापर्यंत गोपिका पुढे होती. तिथे मनकर्णा तिच्या बाजूने निघून गेली. गोपिका जीव खाऊन पळाली, पण ती काही हाती लागली नाही. संघात जागा एकच होती.

डॉक्टर मात्र खट्टू झाले होते. "निम्म्या मुलींना खरं औषध होतं, निम्म्यांना नुसतं तेल. गोपिका, तुला खरं होतं. मनकर्णाला तेल. तरी जिंकली तीच! औषध फुकट गेलं म्हणायचं."

म्हणजे खरं औषध मनकर्णाच्या पोटात गेलं, हे गोपिकाने ताडलं. आपली जागा आपण आपल्याच हातानं देऊन टाकली होती. ती तरातरा मैदानाच्या कडेला गेली. मनकर्णा बसून पोटऱ्या चोळत होती.

"डॉक्टरले सांगू का, माहं औषध कोणाच्या पोटात गेलं ते?"

"सांग ना. काहून थांबली?"

"भेव नाही वाटत? माह्या औषधावर जिंकली तू!"

मनकर्णाने पहिल्यांदाच तिच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"मोरीत गेल्या वं साऱ्या कॅप्सूल," ती म्हणाली. "तुह्या बी, माह्या बी."