नाकावरचा उंचवटा

फोटोग्राफरने कॉम्प्युटरला जोडलेली नवी पाटी टेबलावर ठेवली. फोटो पाठवला की पाटीवरच्या बारीक खुंट्या वर यायच्या आणि चित्र बोटांना कळायचं. जन्मापासून अंध असलेली त्याची बायको आज पहिल्यांदाच फोटो बघणार होती, तोही नवऱ्याचा, एका बाजूने काढलेला. तिची बोटं कपाळावरून नाकावर उतरली आणि थबकली. “हा कोण परका माणूस?” “अगं, मीच!” “काहीतरीच! माझ्या नवऱ्याच्या नाकावर उंचवटा आहे, सायकलवरून पडल्याचा.” त्याने जीभ चावली. गिऱ्हाइकांचे चेहरे कॉम्प्युटरवर गुळगुळीत करून करून हाताला सवयच लागली होती. स्वतःचं नाकही त्याने नकळत सरळ केलं होतं. गुपचूप त्याने मूळ फोटो पाठवला. खुंट्या खडखडल्या, उंचवटा वर आला. तिने त्यावर बोट टेकवलं आणि ती खुदकन हसली. “हं, आता आलास एकदाचा घरी!”