शेजारचा ब्रेक

“आत्ता तुमचा उजवा पाय काय करतोय?” समुपदेशक बाईंनी विचारलं.

मास्तरांनी खाली बघितलं. बूट गालिच्यात चांगलाच रुतला होता. “काही नाही हो, सवय,” ते ओशाळून हसले. मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊ गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि अर्धं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून बसण्यात गेलं होतं.

“इतका वेळ नव्हता दाबलेला. लेकीचा विषय निघाला आणि गेला खाली,” बाई म्हणाल्या. बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कुतूहल वाटत होतं.

मास्तरांना मात्र कुतूहल नको होतं, तोडगा हवा होता. बायको गेल्या वर्षी वारली. घरात आता ते एकटे, आणि लेक नोकरीनिमित्त परगावी. तिचा फोन म्हणजे ‘हो’, ‘बरी आहे’ आणि ‘ठेवते’. ती अशीच दुरावत गेली तर जगात आपलं म्हणायला कोणी उरणार नाही, या विचाराने त्यांचा जीव घाबरा व्हायचा.

“तिच्याशी काय बोलू तेवढं सांगा, मॅडम.”

“सध्या काय बोलता?”

“विचारपूस करतो. जेवलीस का, दाराला कडी लावलीस का, उशिरापर्यंत एकटी फिरत नाहीस ना...”

“आणि विद्यार्थ्यांना काय विचारता?”

“आरसा बघितला का, गिअर नीट टाकला का...” मास्तर मध्येच थांबले. स्वतःचं बोलणं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. “अरेच्चा,” ते पुटपुटले.

बाई जरा पुढे सरकून बसल्या. “ज्याचं उत्तर तुम्ही आधीच ठरवून ठेवलेलं नाही, असा एखादा प्रश्न तिला विचारून बघाल?”

मास्तर विचारात पडले. असल्या प्रश्नाची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. गंमत म्हणजे आता त्यांनाच उत्सुकता वाटू लागली. “इथूनच लावू का फोन?”

“लावा की. फक्त पाय वर घ्या.”

मास्तरांनी बूट काढले आणि त्या भल्यामोठ्या खुर्चीत मांडी ठोकली. अगदी ध्यान दिसत होते, पण बाई हसल्या नाहीत. पलीकडून लेकीने फोन उचलला.

“अगं, मला सांगायचं राहून गेलंय असं काही आहे का तुझ्याकडे?”

मास्तरांच्या जिभेवर ‘नोकरी ठीक आहे ना’ येऊन बसलं होतं. ते त्यांनी कसंबसं गिळलं.

“आहे,” लेक शेवटी म्हणाली. “बाबा, मला गाडी येते. दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले. आईच्या आजारपणात मी घरी होते, तेव्हा मैत्रिणीची गाडी मागून आणायचे. टॅक्सीने जातो असं तुम्हाला सांगायचो, पण तिला दवाखान्यात मीच न्यायचे.”

हिला त्यांनीच तर गाडी शिकायला बसवलं होतं. आठवडाही झाला नसेल, त्यांच्या सततच्या ब्रेकला वैतागून ती रडत गाडीतून उतरली होती. तेव्हापासून ‘हिला काही गाडी जमायची नाही’ असं ते साऱ्या नात्यागोत्यात सांगत आले होते. आता विचारण्यासारखं पुष्कळ होतं. परवाना आहे का, दवाखान्याच्या चढावर काय करायचीस, पावसात दिवे लावायचीस का. पण त्यातलं काही न विचारता ते हळूच म्हणाले, “मग आईला भीती नाही वाटायची?”

“नाही,” लेक म्हणाली. “आई शेजारी गाढ झोपायची.”