आर्वेतची बादली

“ज्याची बादली त्याचाच चिखल. दुसऱ्याच्यात बोटसुद्धा बुडवायचं नाही.” वाइकेची आई हापसालूच्या चिखलघरात, दुखरे सांधे औषधी चिखलात शेकायच्या दवाखान्यात, तीस वर्षं कामाला होती. घरी पाव कापतानाही तिच्या तोंडी हेच असायचं. आज त्याच चिखलघराच्या तळघरात उभं राहून वाइकेनं दोन बादल्यांवरचे नावांचे पितळी बिल्ले बदलले. आपला नवऱ्याच्या बादलीला लावला, नवऱ्याचा आपल्या बादलीला.

तिचा नवरा आर्वेत हिवाळ्यात वारला. तोवर दर जूनला दोघं बेटावरून बोटीनं यायची आणि पंधरा दिवस शेजारी शेजारी बसून काळ्या, ऊन चिखलात हात बुडवायची. तिची बोटं शाली विणून आखडलेली, त्याची जाळी ओढून. दरवर्षी येणाऱ्या जुन्या माणसांचा चिखल पुढच्या वर्षासाठी त्यांच्याच बादलीत राखून ठेवत. माणूस गेलं की घरच्यांनी ती बादली नेऊन खाडीत सोडायची, अशी रीत.

“आर्वेतची अजून खालीच आहे गं,” पहिल्याच दिवशी लेहते म्हणाली होती. लेहते तिथली जुनी सेविका; वाइकेला लहानपणापासून ओळखायची.

“बघू,” वाइके म्हणाली होती.

पुढच्या शनिवारी पिरेतचं, तिच्या एकुलत्या एक लेकीचं, लग्न होतं. आईनं विणलेली शाल घेऊन मुलगी लग्नाला चर्चमध्ये जाते, ही त्यांच्या गावची पद्धत. अंगठीतून आरपार निघेल इतकी तलम शाल. तिचा एक तृतीयांश भाग विणायचा राहिला होता, आणि वाइकेची बोटं सुईभोवती वळत नव्हती. चार दिवस तिनं स्वतःच्या चिखलात हात ठेवले, पण गुण येईना. पाचव्या दिवशी बिल्ले बदलले.

लेहतेनं बादली आणून तिच्यापुढे ठेवली. झाकण काढताना ती थबकली. “मी तर ही अजून तापवलीच नाही. ऊन कशी?”

वाइकेनं हात आत घातले. चिखल मऊ होता, श्वास घेतल्यासारखा हलका वरखाली होत होता. वीस मिनिटांनी हात बाहेर काढले, तेव्हा तिची दहाही बोटं सुटी झाली होती. लहान मुलीसारखी ती त्यांची उघडझाप करत राहिली.

दुपारी खोलीत बसून नेमाप्रमाणे तिनं आधी एक स्तोत्र म्हटलं, मग विणकाम हाती घेतलं. बोटं धावत होती. नजर खिडकीबाहेर, लव्हाळ्यांच्या पलीकडच्या उथळ पाण्यावर होती. सुया कधी मांडीवरून घसरल्या, तिला कळलंच नाही. पाच वाजता तिनं खाली पाहिलं. घंटेसारख्या फुलांची नक्षी जिथं थांबली होती, तिथून पुढे चौकोनी घरं होती. चार-चार बोटं रुंद. प्रत्येक कोपऱ्यात गाठ.

तिनं सगळं उसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी ती सुयांकडे टक लावून बसली. बोटांनी सुया शांतपणे बाजूला ठेवल्या आणि नुसत्या धाग्याला गाठी मारायला घेतल्या. हाताला डांबराचा वास येत होता, आर्वेतच्या जाळ्यांना यायचा तसा.

ती घाबरली. खोटं कशाला सांगायचं, तिला थोडं बरंही वाटलं.

चौथ्या दिवशी चिखलघरात लेहतेनं तिच्या पिशवीतून लोंबणारा धागा ओढला. “अगं बाई, पोरीला शाल देतेयस की तिच्या नवऱ्याला मासे धरायला पाठवतेयस?” ती हसली. मग तिनं ती गाठ जवळ धरून पाहिली, आणि तिचं हसू विरलं. “ही डावीकडून जास्तीचा फेरा घेतलेली. अशी गाठ एकच माणूस मारायचा. वाइके, कुठल्या बादलीत हात घालतेयस तू?”

“त्याच्या.”

“अगं, काय केलंस हे!”

“चार दिवस झाले, माझा हात धरून बसलाय तो,” वाइके म्हणाली. “मला सोडून गेला नाहीये, लेहते. मी कशाला त्याला पाण्यात लोटू?”

लेहते बराच वेळ गाठीवरून अंगठा फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, “बायकोचा हात धरून बसलेला माणूस जाळं कशाला विणेल? कोळी जाळं विणायला बसतो, ते निघायचं असतं म्हणून.”

वाइकेनं बादलीकडे पाहिलं. चिखल वरखाली होत होता. तिनं हात आत घातला, पार तळापर्यंत. तिथं ऊब होती. पण तिच्या बोटांना कुणी धरलं नव्हतं. उलट तिनंच मूठ आवळली होती.

“तू खोळंबलायस होय रे, माझ्यामुळे?” ती पुटपुटली. “नेते तुला. आत्ता नेते.”

तिनं हात धुतले नाहीत. झाकण लावलं.

“आणि शाल?” लेहतेनं दारातून विचारलं.

“पिरेतला अपुरीच देईन. सांगेन तिला, तुझ्या बापाला निघायची घाई होती.”

खाडीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. वाइकेनं बादलीची कडी दोन्ही हातांनी धरली आणि सावकाश उतरू लागली. पायरीगणिक तिची बोटं पुन्हा आखडत होती, आणि पायरीगणिक बादली हलकी होत होती.