सरकतं दार

जुळ्यांसाठी ती कंपनीतून लांब रजेवर होती. त्यांना गाडीत बसवताना उडालेली तारांबळ ती रोज चहाच्या वेळी नवऱ्याला सांगायची.

"एक कडेवर, दुसरी हाताला हिसडे देतेय, आणि शेजारची गाडी इतकी चिकटून की दार अर्धंच उघडतं. दार मागे सरकायला हवं रे. तेही नुसता पाय हलवल्यावर. हात रिकामा असतोच कुठे?"

दोघंही एकाच कंपनीत गाड्यांचे आराखडे करायचे. नवरा कधी नव्हे ते कान देऊन ऐकायचा. "पाय नेमका कुठे येतो? मूल कुठल्या कडेवर?" असं खोदून खोदून विचारायचा. तिला भरून यायचं.

"कामावर परतले की साहेबांना दाखवते."

"दाखव की. मी आहेच पाठीशी."

रजा संपत आली आणि कंपनीनं नव्या दाराचा नमुना बघायला सगळ्यांना सहकुटुंब बोलावलं. जुळ्यांना नमुन्याच्या गाडीतल्या लहान मुलांच्या सीटवर पट्टे लावून बसवून ती वळली, तर साहेब समोर.

"नशीबवान आहेस बाई! पोरांना रोज गाडीत चढवता-उतरवता सुचलंय हे तुझ्या नवऱ्याला."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो फोटोसाठी कॉलर नीट करत होता.

"आता बाबा मुलांना उतरवून दाखवणार!" साहेबांनी माइकवर जाहीर केलं. त्यानं पाय हलवला, दार अलगद मागे सरकलं, टाळ्या पडल्या. तो मुलीवर वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

मग मान न वळवता पुटपुटला, "अगं, हा पट्टा सोडतात कसा?"